अर्धी मिशी : सांगलीतल्या बोलण्याच्या नोंदी

१२ जून २०२४, बुधवार

आज नवी वही घेतली, दोनशे पानी. पुढच्या पानांवर खर्च, मागच्या पानांपासून माझी स्वतःची मोजदाद, मधे हे.

काम असं आहे. केस उपटण्याच्या विकाराबद्दल सांगली आणि आसपासच्या पाच-सहा ठिकाणी बोलायचं. ऑक्टोबरची १ ते ७ तारीख हा केस उपटणं, कातडी सोलणं असल्या विकारांच्या जागृतीचा आठवडा म्हणून बाहेरच्या देशांत पाळतात. त्याच्या आत सगळं उरकायचं. मिरजेच्या मॅडम मानसोपचारातल्या आहेत. त्या जमेल तसा वेळ देणार आहेत आणि नाव कुठं छापू नका म्हणाल्यात. हॉल, खुर्च्या, झेरॉक्स, माईक हे माझ्याकडं. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, त्यामुळं माईक बिघडला तर निदान तेवढं तरी येतंय.

पैसे सहा हजार, खिशातले. घरी साडेचार सांगितलेत.

मीच का? तर बाराव्या वर्षापासून उपटतोय. आता एक्केचाळीस. आधी पापण्या आणि भुवया, मिशी फुटल्यावर मिशी. बाविसाव्या वर्षी डाव्या बाजूला काही उरलंच नाही, म्हणून उजवीकडची अर्धीही सफाचट केली आणि दूध आणायला बाहेर पडलो. आमच्याकडं बाप गेल्याशिवाय गडी मिशी काढत नाही. कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला मला बघून गल्ल्यावरून उठून उभा राहिला. "कवा गेलं आण्णा?" आण्णा त्या वेळी घरी चहाची वाट बघत बसले होते. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तो तसाच अनवाणी घरापर्यंत आला आणि दारात आण्णांना बघून परत गेला, एवढं आठवतंय.

हे भाषणात सांगायचं नाही असं ठरलंय. मी ठरवलंय. मॅडम आहेत, शास्त्र आहे, तेवढं पुरे.

१६ जून, रविवार

पत्रकावर नाव काय टाकायचं यातच दिवस गेला.

डॉक्टरांचा शब्द ट्रायकोटिलोमॅनिया. आलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं १८८९ साली तो बनवला. ग्रीकमध्ये केस, उपटणं आणि वेड असे तीन शब्द जोडून. त्यानं ज्याच्याबद्दल लिहिलं तो एक तरुण होता, मुठीमुठीनं केस उपटणारा. म्हणजे ही बायकांची भानगड म्हणणाऱ्यांना सांगायला बरं, पहिली नोंदच गड्याची आहे. पण शेवटच्या 'मॅनिया'चं काय करायचं? "वेड" असं पत्रकावर लिहिलं की येणारा दारातूनच फिरणार.

'सवय' लिहिलं तर लोक म्हणणार, मग सोडा की. 'आजार' लिहिलं तर म्हणणार, गोळी कुठली? अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या पुस्तकातही याची जागा ठरत नव्हती. १९८७ मध्ये आवेग न आवरणाऱ्यांच्या रांगेत बसवलं, २०१३ मध्ये उचलून ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार नि कृती सुटत नाहीत त्या विकाराच्या शेजारी नेलं. त्यांचं ठरायला एवढी वर्षं गेली, मग आमचा एक रविवार गेला तर काय. शेवटी "केस उपटण्याचा विकार" ठेवलं. कानाला बरं लागत नाही.

डीटीपीवाल्या पोरानं टाइप करता करता विचारलं, "केसगळती टाकू का सर? माणसं जास्त येतील." आणि मला न विचारता कोपऱ्यात तेलाच्या जाहिरातीतली लांब केसांची बाई चिकटवली. काढायला लावली. मग स्क्रीनकडं बघतच म्हणाला, "आमच्या वैनी पण जरा असं…" मी थांबलो. तोही थांबला. "पाठपोट करायचं का एका बाजूनं?"

चार पानी, पाठपोट, शंभर प्रती.

३० जून, रविवार

पहिलं भाषण. वाचनालयाचा वरचा हॉल, सकाळी अकरा. आलेले अकरा. त्यातले चार रोजचे पेपर वाचणारे निवृत्त, वर पंखा आहे म्हणून बसलेले.

मी वीस स्लाइड दाखवल्या. १८८९, ग्रीक, मेंदूचं चित्र, बाण. चाळीस मिनिटं. मॅडमना पंधरा उरली. प्रश्न तीन. तेल कुठलं चांगलं? कांद्याच्या रसानं येतात का? आणि हे मोबाईलमुळं झालंय का? १८८९ ला मोबाईल नव्हता हे तिथं सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय.

शेवटच्या रांगेत एक बाई होत्या. पंख्याखाली बसूनही स्कार्फ सोडला नव्हता, कपाळापर्यंत ओढलेला. प्रश्न सुरू व्हायच्या आधीच उठल्या. जाताना पत्रक घेतलं आणि घडीवर घडी घालत तिकिटाएवढं करून पर्समध्ये टाकलं.

खाली येऊन रिक्षा बघत होतो. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही सगळं सांगितलंत. त्या बाईंनी उद्या सकाळी उठून काय करायचं, तेवढं राहिलं."

रिक्षावाल्यानं मिरजेचे जास्तच मागितले. दिले.

३ जुलै, बुधवार

पत्रक चाराचं दोन पानी केलं. मेंदू उडवला.

१३ जुलै, शनिवार

एक शाळा, सकाळची. मुलं सोडल्यावर शिक्षकांची बैठक, त्यात अर्धा तास. नाव लिहीत नाही.

या वेळी मॅडम आधी बोलल्या. हे बहुतेक दहा ते तेराव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं, म्हणजे पाचवी ते आठवी. दोन तऱ्हा असतात आणि पुष्कळांत दोन्ही मिसळलेल्या. एकीत हाताला पत्ताच नसतो. पुस्तक वाचताना, टीव्हीसमोर, अभ्यासाला बसल्यावर बोटं आपोआप वर जातात आणि वहीवर केस पडलेले दिसले की कळतं. दुसरीत ओढ चढत जाते, ठरावीक केस शोधून काढला की उतरते. स्वतःला इजा करायला कुणी हे करत नाही.

एक सर म्हणाले, "मॅडम, लक्ष वेधून घ्यायला करतात ओ या पोरी."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लक्ष वेधायचं असतं तर लपवलं असतं का? तुमच्या वर्गात असेल तर तुम्हाला दिसलेलंच नसेल. ती क्लिपा लावते, मागच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसते, वाऱ्याच्या दिवशी मैदानावर येत नाही."

यावर जिमखान्याच्या बाई पहिल्यांदा वळल्या. "मैदानावर येत नाही" हे त्यांना लागलं असावं.

मग दोन वेण्यांचा विषय निघाला. तो मी काढला आणि त्याचा मला अभिमान आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी, मधोमध भांग हा नियम. टाळूवर मोकळी जागा असलेल्या मुलीला तो भांग म्हणजे रोज सकाळी साडेसहाला डोकं उघडं करून शाळेत येणं. एक वेणी, तिरपा भांग, रुंद हेअरबँड यातलं काहीही चालवून घेतलं तर ती निदान शाळेत येईल. लगेच एक आवाज आला, मग उद्या सगळ्याच मागतील. दुसरा आवाज, शिस्तीचं काय? मुख्याध्यापिका बाई एवढा वेळ हजेरीपटावर काहीतरी लिहीत होत्या. वर न बघता "बघू" म्हणाल्या.

सरकारी 'बघू' मला चांगलं कळतं, मी स्वतः देतो. हे त्यातलं वाटलं नाही.

२२ जुलै, सोमवार

आज लिहायला पुष्कळ आहे.

सोमवारी सलूनला सुट्टी, म्हणून नाभिक मंडळींची बैठक. ओळखीनं वीस मिनिटं मिळाली होती, दरवाढीनंतर आणि चहाच्या आधी. दाढीचा दर किती करायचा यावर तासभर वाजलं आणि आमची दहा राहिली. लॅपटॉप उघडलाच नाही. बरं झालं.

मॅडमनी एकच विचारलं. एखाद्या पोराच्या डोक्यावर केस गेलेली जागा दिसली, तर तुम्ही काय समजता?

"चाई," अख्खा हॉल.

एक म्हातारे कारागीर पुढं बसले होते, सत्तरीच्या पुढचे. ते म्हणाले, "न्हाई. चाई येगळी. चाईचं टक्कल रुपयासारखं गोल, हात फिरवला की तुळतुळीत. दुसरं असतंय ते वेडंवाकडं. आत बारकं-मोठं खुंट. अंगठा फिरवला की खरखरतंय. आमचा बा म्हणायचा, ही चाई न्हवं, ही हातची हाय."

मॅडमनी पेन काढलं. त्वचारोगाच्या पुस्तकात हेच आहे म्हणाल्या, फक्त लांबलचक वाक्यांत. चाईत जागा गुळगुळीत असते आणि कडेला उद्गारचिन्हासारखे मुळाशी बारीक झालेले केस दिसतात. उपटलेल्या जागेत कमी-जास्त लांबीचे, तुटके केस, कडा वाकड्यातिकड्या. फक्त एक, गजकर्णातही केस तुटतात, कोंडा-खपली धरते. म्हणून अंगठ्यानं ओळखलं तरी आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचंच.

"हातची". मी एक रविवार डोकं खाजवलं होतं नावासाठी.

मग काय काय निघालं! एकजण चाई समजून लसूण घासतो. कातडी सोललेली असेल तर पोरगं बोंबलतं. दुसऱ्याकडं आईबाप येतात, "गोटा करा, म्हंजे हात जाणार न्हाई." गोटा करतात. केस बोटभर आले की हात परत तिथंच, नाहीतर मधल्या काळात भुवया गेलेल्या. आणि टकलू, चंद्र्या ही हाक तर दुकानात सगळेच मारतात. माया म्हणून मारतात, हेही खरं.

चहा आला. म्हातारबुवा बशी घेऊन माझ्याजवळ आले आणि गिऱ्हाइकाची हनुवटी उचलतात तशी माझी हनुवटी अंगठ्यानं उचलली. उजेडाकडं फिरवली.

"सर, ही डावी बाजू पेन्सिलीनं भरलीया न्हवं?"

आजूबाजूचे गप्प झाले. माझा नेहमीचा कारागीर तिथंच होता. चौदा वर्षं मी त्याच्याकडं जातो. वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला आला की त्याचा हात हलका होतो आणि त्याच वेळी तो पावसाबद्दल नाहीतर ऊसदराबद्दल काहीतरी विचारतो. तो आता कपात बघत होता.

"व्हय," म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही. मग उभ्या उभ्या पाच मिनिटं बोललो. काय बोललो ते आठवेल तसं लिहून ठेवतो.

बोट आधी नुसतं फिरतं. मऊ केसांवर थांबत नाही. एखादा राठ, वाकडा, जाड लागला की थांबतं. मग तो निघेपर्यंत समोरचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येत नाही. निघाला की मुळाशी एक पांढरी ओलसर गाठ असते, मोहरीच्या टोकाएवढी. ती ओठावरून फिरवायची. दुखत नाही. दुखत नाही का, हे सगळे विचारतात. क्षणभर बरं वाटतं. मग टेबलावर दहा-बारा केस दिसतात. फुंकर मारून उडवतो आणि कुणी बघितलं का ते बघतो.

आई बोटांना मिरचीची पूड लावायची. मी डोळे चोळले आणि दोन दिवस शाळेला गेलो नाही. तेवढे दोन दिवस उपटलं नाही हेही खरं, पण ते डोळे उघडत नव्हते म्हणून.

एका पोरसवदा कारागिरानं विचारलं, "मग आमी काय म्हणायचं, सर? बगून गप बसायचं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या माणसाकडं. चौदा वर्षं तो गप्प बसला ते मला हवंच होतं. पण पहिल्याच वर्षी, दुकान रिकामं असताना, त्यानं एकदा हळूच "डॉक्टरला दाखवलंय का?" असं विचारलं असतं तर मॅडमकडं सदतिसाव्या वर्षी गेलो तो सत्ताविसाव्या वर्षी गेलो असतो. हे मी बोललो नाही. त्याला वाईट वाटलं असतं.

पत्रकाची मागची बाजूही उडवायची. कारागिराला दोन ओळी पुरतात.

२६ जुलै, शुक्रवार

पाऊस. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, पाणी तिच्याकडं सरकतंय. गल्लीत सगळे दर तासाला फूट-इंच बोलतायत. २०१९ नंतर सांगलीकराला ही एक वेगळीच मोजदाद लागलीय. रविवारचा कार्यक्रम रद्द. पुस्तकं आणि मिक्सर वरच्या माळ्यावर चढवला.

मागच्या पानावर : काल रात्री ६१ केस. जूनमध्ये दिवसाला तीसच्या आसपास होते.

२९ जुलै, सोमवार

पाणी उतरतंय. काल रात्री १९.

११ ऑगस्ट, रविवार

तासगाव तालुक्यातलं एक गाव. बचत गटाची बैठक, मारुतीच्या देवळात. पंचवीसेक बायका, मधेमधे पोरं. मॅडमनी स्लाइडची आठवणसुद्धा काढली नाही.

सुरुवातच कठीण गेली. एका आजींनी हे बाहेरचं असतं म्हणून निकाल दिला. केसांत जट झाली तर देवीची आणि केस गेले तर बाहेरचं, म्हणजे डोक्यावर आपलं काहीच नाही. मी वाद घालणार होतो, मॅडमनी घालू दिला नाही. "आजी, अंगारा लावलात तरी चालेल, पण त्याबरोबर आमचंही ऐका," म्हणाल्या. मला हे पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण आजी शेवटपर्यंत बसल्या.

बैठक संपल्यावर बायका उठल्या, एक उठली नाही. सगळ्या पांगल्यावर पिशवीतून एक कॅरीबॅग काढली आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवली. आत केस. मूठभराहून जास्त, सुटे, लांब, एकेकाला मुळाशी पांढरा ठिपका.

"पोरीच्या गादीखाली गावलं. आधी मला वाटलं गुंतवळ साठवतीया, केसावर भांडी देणारी येती न्हवं, तिला द्यायला. म्हनलं घेतली असंल वाटी. मग बगितलं तर फणीचं न्हाईत हे. फणीचं गुंता हुतंय. हे सरळ हाईत."

मी इतक्या जणांकडून इतकं वाचलं-ऐकलं, पण फणीचा केस आणि हाताचा केस यातला फरक कुणी असा सांगितला नव्हता.

पोरगी सातवीत. आई तिला रोज विंचरते आणि रोज हातावर मारते. "हात काड, हात काड म्हनून माजं त्वांड दुखलं."

मॅडमनी विचारलं, पोरगी केस तोंडात घालते का? गिळते का? आई बघतच राहिली. मॅडमनी सावकाश सांगितलं : केस पोटात जिरत नाही. गिळत गेलं तर वर्षानुवर्षं जमून जठरात गोळा होतो, कधी त्याची शेपटी आतड्यापर्यंत उतरते, ऑपरेशन करून काढावा लागतो. पोट सारखं दुखतंय, खाल्लं की उलटी होतेय, वजन उतरतंय असं असेल तर थांबायचं नाही. सगळ्याच मुली गिळत नाहीत, पण विचारायला हवं, कारण आपण विचारल्याशिवाय ती सांगणार नाही.

"चावती," आई म्हणाली. "गिळती का ते म्हाईत न्हाई."

मग काय करायचं तो भाग. मारायचं नाही, मिरची नाही, "हात काढ" नाही. ते ऐकून हात निघतो आणि दार लावून खोलीत जातो. आधी नुसतं लिहायचं, पोरीनंच, तिच्या वहीत : किती वाजता, कुठं बसली होती, कुठला हात, त्याआधी काय चाललं होतं. आठवडाभरात तिला स्वतःलाच दिसतं की गणिताच्या अभ्यासाला बसलं आणि डावा कोपर टेबलावर टेकला की हात वर जातो. मग तिथं हाताला दुसरं काम. मूठ आवळून मिनिट-दोन मिनिटं धरायची, नाहीतर हातात काहीतरी द्यायचं. अझरिन आणि नन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि अजूनही उपचारात पहिला नंबर तिचाच. नावं मॅडमनी तिथं घेतली नाहीत, मी इथं लिहून ठेवतोय.

माझं सांगायचं झालं तर, मी अंगठा आणि पहिल्या बोटाला इन्सुलेशन टेप गुंडाळतो. काळी, पीव्हीसी, दहा रुपयांची. केस हाताला लागतच नाही, चिमटीतून निसटतो. आयटीआयत कुणी विचारत नाही, इलेक्ट्रिशियनच्या बोटाला टेप असायचीच. खिशातला टेपचा गुंडाळा काढून दिला. बाईंनी तो हातात फिरवून बघितला, "ह्ये आमच्या मोटरीच्या वायरला हाय की."

परत निघताना कॅरीबॅग मॅडमनी मागितली. आईनं दिली नाही. घडी करून परत पिशवीत ठेवली.

१४ ऑगस्ट, बुधवार

तिचा फोन. पोरगी गिळत नाही म्हणाली, चावून टाकते. तरी मिरजेला घेऊन येणार आहेत, द्राक्षाची खरडछाटणी नाही आता, त्यामुळं मालक सोडेल. मॅडमनी शनिवार दिला. वहीत तीन दिवस लिहिलंय. आईनं वाचायचं नाही अशी पोरीची अट.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखी. अक्का आली होती. नारळीभात झाला आणि मग विषय आलाच. कुणीतरी तिला सांगितलंय, तुझा भाऊ नाभिकांच्या मीटिंगात मिशी दाखवत होता.

"आरं, तुझं तू बघ. पण पोरीला स्थळं यायला लागल्यात. मामाला येड हाय म्हनून लोक म्हनले तर?"

मी म्हणालो, यात येड काय आहे? ती म्हणाली, ते तुला नि मला म्हाईत. हे बरोबरच होतं. भाची तिथंच मोबाईल बघत बसली होती. म्हणाली, "आई, मामाला भुवया न्हाईत हे सगळ्या पावण्यांना दिसतंय की. फोटोत बी दिसतंय."

अक्का हसली नाही. ओवाळताना कुंकू लावायला तिचा हात कपाळावर आला, तेव्हा जिथं भुवई असायला हवी तिथून तिनं अंगठा फिरवला. लहानपणी फिरवायची तसा. मग म्हणाली, "किमान आमच्या गावाला नको करूस भाषण."

त्यांचं गाव यादीत होतं. काढलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

गणेश मंडळ. संगीत खुर्ची आणि आरतीच्या मधे आठ मिनिटं. माईकला भयंकर गुणगुण. अध्यक्ष मॅडमना "आवाज वाढवून बोला" सांगत होते. मी खाली वाकून बघितलं तर अर्थिंगच सुटलेलं. ते जोडलं. आजच्या कार्यक्रमात सगळ्यात उपयोगी काम ते.

मी माझंच सांगितलं, पानपट्टीवाल्यासकट. आण्णा चहाला बसले होते त्यावर लोक हसले. हसू द्यावं असं वाटलं. शंभरात एक ते दोन जणांना हे असतं. मांडवात दोनशे माणसं असतील तर दोन-चार. हे म्हटल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्याकडं बघितलं. ही चूक झाली. पुढच्या वेळी हा आकडा हॉलवर लावून सांगायचा नाही. मागं खांबाला टेकलेला एक पोरगा टोपी खाली ओढून निघून गेला. तो त्यासाठीच गेला का, कुणास ठाऊक. पण टोपी ओढताना बघितलं मी.

रात्री झोप नाही. १२.

२८ सप्टेंबर, शनिवार

औषध दुकानदार मित्राचा प्रश्न, "गोळी नाही होय रे एकपण?" फक्त याच विकारासाठी म्हणून मान्य झालेली गोळी नाही. कफ पातळ करायला देतात ते एन-ॲसिटिलसिस्टीन मोठ्या माणसांवर वापरून बघितलं होतं, २००९ च्या अभ्यासात नकली गोळीपेक्षा बऱ्याच जणांना फरक पडला. मुलांवर तसंच २०१३ मध्ये बघितलं तर फरक दिसला नाही. म्हणून काउंटरवरून कुणाला द्यायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाला विचारायचं. त्यानं मान डोलावली. देणार नाही असं वाटतं.

पत्रक आता एका पानाचं अर्धं. एका बाजूनं. त्यावर एवढंच :

"जागा तुळतुळीत नसून खरखरीत लागली तर ही हातची असू शकते. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मग मानसोपचाराच्या. मारू नका, गोटा करू नका, दुकानात मोठ्यानं बोलू नका. फोन १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात."

हा नंबर टेलिमानसचा, मानसिक त्रासाबद्दल बोलायची सरकारी सोय, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. मी स्वतः एकदा लावून बघितला. आधी भाषा विचारतात.

"हातची" शब्दावर मॅडमची हरकत होती. पालकांना दोष दिल्यासारखं वाटेल, पोरालाही. चर्चा झाली. कारागिरांच्या पत्रकावर राहू दे, शाळेच्या नको, असं ठरलं. ट्रायकोटिलोमॅनिया हा शब्द आता कुठंच नाही. आलोपो माफ करील.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मुख्याध्यापिका बाईंचा निरोप जिमखान्याच्या बाईंकडून. नोटीस काढलेली नाही, काढणारही नाहीत. पण वर्गशिक्षकांना तोंडी सांगितलंय की वेणीवरून कुणाला रांगेबाहेर काढायचं नाही. दोन मुली हेअरबँड लावून येतात. त्यातली एक नुसती हौसेनं. ते जास्त चांगलं.

सातवीतल्या पोरीची मॅडमकडं सहावी खेप झाली. कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, "तिचं मी तुम्हाला सांगणार नाही." बरोबर आहे. टेपचा आणखी एक गुंडाळा मागवलाय मात्र, लाल रंगाचा. दुकानात लाल मिळाला, पाठवला.

७ ऑक्टोबर, सोमवार

खर्च ५,८७०. घरी कळलंय.

दुपारी माझ्या कारागिराचा फोन. एवढ्या वर्षांत त्याचा पहिलाच.

"सर, काल एक पोरगं आलतं, आठ-नऊ वर्षाचं, आईसंगं. टाळूला खरखरीत. मी काय बोललो न्हाई. कटिंग केली, पावडर लावली, पोराला बाहेर चॉकलेट घ्यायला धाडलं आन मग आईला कागुद दिला. तिनं वाचला न्हाई, पर्समधी टाकला. बरूबर केलं न्हवं?"

बरोबर केलं म्हणालो.

"आन तुमी कवा येताय? महिना झाला." उद्या येतो म्हणालो. तो जरा थांबला आणि म्हणाला, "डावीकडं आता वस्तरा नको लावायला. आलंय की थोडं. कातरीनं बसवू."

मिरजेच्या नाभिकांनीही बोलावलंय, पुढच्या सोमवारी दुपारी तीनला. खुर्च्या त्यांच्याकडं आहेत, माईक आपला न्यायचा. पत्रकं चाळीस उरलीत, साठ आणखी काढायची.